दाढीच्या ब्रशाचा जीर्णोद्धार



जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळें, वाडे आणि नदीवरचे घाट यांच्यासंबंधीं ऐकत आलों आहोंत. अहिल्याबाई होळकरांनीं काशीविश्वेश्वराचें देऊळ १७८० च्या सुमारास पुन्हा उभारलें, त्या जातीच्या कार्याला शोभणारा हा शब्द. तो दाढीच्या ब्रशासारख्या चार बोटें उंचीच्या वस्तूला लावलेला ऐकून कित्येकांस हंसूं येईल. परंतु जुने ब्रश शोधून काढावयाचे, त्यांचे झडलेले केस बदलावयाचे आणि मुठींना मूळची तकाकी आणावयाची, असा एक छंद अलीकडे युरोप-अमेरिकेंत चांगलाच रूढ झाला आहे. आपल्याकडेहि मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत हिंडणाऱ्याच्या हातीं अशी एखादी मूठ लागणें अशक्य नाहीं. हा छंद शहाणपणाचा कीं रिकामपणाचा, या वादांत मला पडावयाचें नाहीं. मला सांगावयाचें आहे तें निराळें. या लहानशा वस्तूच्या पोटीं बराच मोठा इतिहास आहे. त्यांत रसायनशास्त्र आहे, महायुद्ध आहे, व्यापारांतील लबाडी आहे आणि माणसांचे गेलेले प्राणहि आहेत. ज्याला जुना ब्रश दुरुस्त करावयाचा आहे त्यानें हा इतिहास अगोदर जाणून घेतला पाहिजे. कारण येथें इतिहासाचें अज्ञान नुसतें लाजिरवाणें नाहीं, प्रसंगीं तें धोक्याचेंहि आहे.

ब्रशाचें काम तसें अगदीं साधें. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. पाण्यानें तो फुगतो, मऊ होतो आणि मग वस्तऱ्याला सहज वश होतो. पाणी केसांवर कांहीं काळ टिकून राहावें म्हणून साबणाचा फेंस, आणि तो फेंस नीट उठावा व चेहऱ्यावर बसावा म्हणून ब्रश. आपल्याकडील जुन्या न्हाव्याच्या धोकटींत वस्तरा असे, वाटी असे, आरसा असे. वाटींतलें पाणी बोटांनीं चोळून तो दाढी भिजवी. युरोपांतहि न्हावी पूर्वीं साबण हातानेंच लावीत. ब्रश हें साधन तेथें अठराव्या शतकांत, प्रथम फ्रान्समध्यें, रूढ झालें. फ्रेंच भाषेंत दाढीच्या ब्रशाला 'ब्लेरो' म्हणतात. आणि बॅजर नांवाचा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला व बिळांत राहणारा जो प्राणी आहे, त्यालाहि त्या भाषेंत 'ब्लेरो' हाच शब्द आहे. ज्याच्या अंगावरील केसांनीं ब्रश होतो त्याचेंच नांव ब्रशाला चिकटलें, यावरून त्या केसांची योग्यता ध्यानांत येते.

त्याच शतकांत आणखी एक गोष्ट घडली. दाढी करणें हें न्हाव्याचें काम न राहतां हळूहळू गृहस्थाचें स्वतःचें काम होऊं लागलें. झां-झाक पेरे या पॅरिसच्या शस्त्रकारानें १७६९ च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः कशी करावी हें शिकविणारें एक पुस्तकच लिहून प्रसिद्ध केलें. माणूस आपली दाढी आपण करूं लागला म्हणजे त्याला आपलें स्वतःचें साहित्य लागतें, आणि तें घरांत मांडून ठेवावयाचें तर तें देखणेंहि लागतें. इंग्लंडांत विल्यम केंट यानें १७७७ सालीं ब्रशांचा कारखाना काढला, तो आजहि त्या नांवानें चालूं आहे. पॅरिसच्या प्लिसाँ या पेढीची स्थापना १८०८ सालची. हस्तिदंत, हाड, शिंग, कठीण लाकूड अशा पदार्थांच्या कांतीव मुठी या काळांतल्या.

आतां ब्रश करतात कसा, तेंहि थोडक्यांत पाहूं. कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच अवलंबून आहे. बॅजरचा एक केस हातांत धरून पाहिला तर त्याचें टोंक फिकट व निमुळतें, मधला पट्टा काळा आणि मूळ पुन्हा फिकट असें दिसतें. कारागीर या केसांची निवड करतो आणि ते टोंकें खालीं करून एका लहान खोलगट वाटींत घालून ठोकतो. त्या वाटीच्या आकारानें टोंकांना घुमटासारखी गोलाई येते. मग मुळाकडची बाजू दोऱ्यानें घट्ट बांधून ती डिंकांत, राळेंत किंवा रबरांत बसवितात. चांगल्या ब्रशाचीं टोंकें कधींहि कातरीनें कापून गोल केलेलीं नसतात. तीं जशीच्या तशीं राखलेलीं असतात, म्हणूनच तीं गालाला मऊ लागतात. हें काम हातांचें व सावकाशीचें, आणि माल दूरच्या देशांतून येणारा. तेव्हां खरा बॅजरचा ब्रश महाग पडे, यांत नवल नाहीं. जी वस्तू महाग असते तिची नक्कल होते, हा बाजाराचा जुना नियम आहे. स्वस्त ब्रश डुकराच्या राठ केसांचे किंवा घोड्याच्या केसांचे करीत. आणि घोड्याच्या केसांना मध्यें काळा पट्टा रंगवून ते बॅजरसारखे दिसतील अशीहि युक्ति कारखानदारांना साधली होती. शांततेच्या काळांत या लबाडीनें गिऱ्हाइकाचे थोडे पैसे जात. पुढें युद्धाच्या काळांत तिनें त्याचे प्राण घेतले.

विसाव्या शतकाच्या आरंभीं किंग कॅम्प जिलेट या अमेरिकनानें बदलत्या पात्याचा निर्धोक वस्तरा बाजारांत आणला. १९०३ सालीं, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षीं, त्याचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पातीं खपलीं. परंतु दुसऱ्याच वर्षीं ही संख्या हजारोंच्या घरांत गेली, आणि पहिलें महायुद्ध येईपर्यंत घरच्या घरीं रोज दाढी करणें ही मध्यम वर्गाची संवय बनली. १९१४ सालीं युद्ध पेटलें. लाखों तरुण सैन्यांत गेले आणि प्रत्येकाच्या सामानांत वस्तरा व ब्रश आला. ब्रिटिश सैन्यांत वरच्या ओठावर वस्तरा चालवूं नये असा नियम होता, तो १९१६ च्या आक्टोबरांत रद्द झाला; हनुवटी मात्र पूर्वींपासूनच स्वच्छ ठेवावी लागे. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा तोंडावर घट्ट बसावयाचा तर दाढी वाढवून चालण्यासारखें नव्हतें. अमेरिका युद्धांत उतरल्यावर तेथील सरकारनें जिलेटचे सुमारें ३५ लाख वस्तरे शिपायांसाठीं घेतले. वस्तरे यंत्रावर हवे तितके निघत होते. पण ब्रशाचे केस यंत्रावर निघत नाहींत.

येथेंच खरी अडचण उपस्थित झाली. युद्धापूर्वीं रशिया व आशियाकडून येणारे केस बहुधा जर्मनी व फ्रान्स येथील व्यापाऱ्यांच्या हातून पुढें जात. तेथें ते निवडले जात, धुतले जात, निर्जंतुक केले जात. युद्धामुळें ही वाट बंद झाली. मग चीन, सायबेरिया या बाजूंचे घोड्याचे केस निराळ्या मार्गांनीं थेट इंग्लंड-अमेरिकेंत येऊं लागले. जपानांत तयार झालेले स्वस्त ब्रशहि मोठ्या संख्येनें आले. मधला शुद्धीकरणाचा टप्पा कोठें अपुरा राहिला, तर कोठें अजिबात गळला. मागणी मात्र अशी होती कीं बाजारांत येईल तें खपत होतें. रंगविलेले घोड्याचे केस बॅजर म्हणून मुठींत बसले आणि शिपायांच्या व साध्या गृहस्थांच्या गालांवर फिरूं लागले.

त्या केसांबरोबर एक न बोलावलेला पाहुणा आला. आपल्या शेतकऱ्यांना तो रोग फार पूर्वींपासून माहीत आहे. गुरांना झाला म्हणजे त्याला फाशी म्हणतात, माणसाला झाला म्हणजे काळपुळी. शास्त्रांत त्याचें नांव अँथ्रॅक्स. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ कोळसा असा आहे. कातडीवर उठणाऱ्या पुळीचा मधला भाग मरून कोळशासारखा काळा पडतो, त्यावरून हें नांव पडलें. या रोगाच्या जंतूचा जीवनक्रम रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें १८७६ सालीं उलगडून दाखविला. त्या जंतूची विशेष गोष्ट ही कीं प्रतिकूल परिस्थितींत तो स्वतःभोंवतीं कठीण कवच करून बीजरूपानें पडून राहतो. मातींत, कातड्यांत, लोकरींत, केसांत तें बीज वर्षानुवर्षें जिवंत राहतें आणि संधि मिळतांच पुन्हा जागें होतें. तें किती काळ टिकतें याचें एकच उदाहरण देतों. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं स्कॉटलंडजवळच्या ग्रूनार्ड नांवाच्या बेटावर या जंतूंचे प्रयोग केले. तें बेट पुढें ४८ वर्षें माणसांना बंद होतें. १९८६ सालीं तेथील जमीन समुद्राच्या पाण्यांत फॉर्मॅल्डिहाइड मिसळून धुवून काढावी लागली, आणि १९९० सालीं तें बेट निर्धोक म्हणून जाहीर झालें.

लोकरीच्या कारखान्यांतील मजुरांना हा रोग होतो, हें इंग्लंडांत ब्रॅडफर्डच्या डॉक्टरांनीं १८८० च्या सुमारासच ओळखलें होतें. परंतु १९१५ नंतर जे रोगी येऊं लागले त्यांचा लोकरीशीं किंवा गुरांशीं कांहींएक संबंध नव्हता. कोणी शिपाई, कोणी गृहस्थ. गालावर किंवा मानेवर एक न दुखणारी पुळी, भोंवतीं सूज, दोन-तीन दिवसांत मध्यें काळा डाग, आणि मग ताप. पेनिसिलिनचा शोध तेव्हां लागलेला नव्हता. इटालियन शास्त्रज्ञ स्क्लाव्हो यानें काढलेलें सीरम टोंचणें आणि पुळी कापून काढणें, एवढेच उपाय वैद्यांच्या हातीं होते. चेहऱ्यावरची व मानेवरची सूज श्वासमार्गापर्यंत पोंचली म्हणजे रोगी वांचणें कठीण होई. डॉक्टरांनीं बारकाईनें विचारपूस केली, तेव्हां या रोग्यांत एक समान धागा आढळला. थोड्याच दिवसांपूर्वीं त्यांनीं नवा ब्रश घेतला होता. मग त्याच मालांतले न वापरलेले ब्रश दुकानांतून आणून तपासले, आणि त्यांच्या केसांत काळपुळीचे जंतु मिळाले. वस्तऱ्यानें कातडीला जी बारीकशी चीर पडते तेवढें दार जंतूला पुरेसें होतें. १९१७ सालीं इंग्लंडच्या स्थानिक कारभार मंडळानें या विषयाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकेंतहि लष्करी छावण्यांतून असेच रोगी निघाले व तेथील आरोग्यखात्याला हालचाल करावी लागली.

याचा परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. ब्रिटिश पार्लमेंटनें १९१९ सालीं काळपुळी-प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या आधारें १९२० सालीं जपानांतून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांना इंग्लंडांत मज्जाव झाला. लिव्हरपूल येथें लोकर व केस निर्जंतुक करण्याचें सरकारी केंद्र १९२१ सालीं सुरूं झालें. तेथें माल प्रथम साबण-सोड्याच्या कोंबट पाण्यांत धूत, आणि मग फॉर्मॅल्डिहाइडच्या द्रावणांत बुडवीत. ज्या मालावर ही सक्ति आली त्यांत हिंदुस्थानांतून जाणारे शेळीचे केसहि होते. तेव्हां या प्रकरणाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचतो. १९१९ सालींच वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद भरली, आणि तिनें केलेल्या अगदीं पहिल्या शिफारसींपैकीं एक लोकरींतील काळपुळीचा प्रतिबंध करण्याविषयीं होती. त्या परिषदेंत हिंदुस्थानचेहि प्रतिनिधि बसले होते. कष्टकऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न आणि बैठकीच्या खोलींतल्या गृहस्थाच्या गालाचा प्रश्न हे दोन नाहींत, एकच आहेत, ही गोष्ट या लहानशा वस्तूनें जगाच्या गळीं उतरविली.

या काळाची खूण जुन्या ब्रशांवर अजून पाहावयास मिळते. १९२० नंतरच्या पुष्कळ अमेरिकन व इंग्रजी मुठींवर 'निर्जंतुक केलेला' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द कोरलेला असतो. नेवार्क शहरांतील रबरसेट कंपनी आपल्या ब्रशांचे केस कठीण रबरांत पक्के धरलेले आहेत, ते गळणार नाहींत, अशी ग्वाही देई. एव्हर-रेडी हें दुसरें नांवहि घरोघरीं माहीत होतें. इंग्लंडांत अलेक्झांडर सिम्प्सन यानें १९१९ सालीं आपला धंदा सुरूं केला. त्याचा लंडनचा कारखाना १९४१ सालीं बाँबहल्ल्यांत नष्ट झाला, आणि मग तो सॉमरसेट परगण्यांतील चार्ड या गांवीं एका जुन्या गिरणींत गेला. १९२० ते १९४० हीं वीस वर्षें ब्रशाच्या भरभराटीचीं म्हणावयास हरकत नाहीं. पण उतरतीची बीजेंहि त्याच काळांत पेरलीं गेलीं. ब्रशावांचून चोळावयाचें बार्बासोल नांवाचें मलम १९१९ सालीं निघालें, बर्मा-शेव्ह १९२५ सालीं. जेकब शिक याचा विजेचा वस्तरा १९३१ सालीं बाजारांत आला. पुढें दाबतांच फेंस देणारे डबे आले, आणि ब्रश न्हाणीघरांतल्या फळीवरून अडगळीच्या पेटींत गेला. तेथूनच तो आतां पुन्हा बाहेर काढला जात आहे.

जुना ब्रश हातीं आला म्हणजे पहिलें काम त्याची मूठ ओळखण्याचें. मूठ हीच त्याची जन्मपत्रिका. हस्तिदंत असेल तर आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषा दिसतात. हाड असेल तर काळपट बारीक छिद्रें दिसतात. सरळ समांतर रेषा दिसल्या तर तें सेल्युलॉइडचें नकली हस्तिदंत समजावें. येथें एक इशारा दिला पाहिजे. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून बंद आहे, आणि आपल्या देशांत वन्य जीव संरक्षण कायद्याच्या १९८६ व १९९१ सालच्या दुरुस्त्यांनीं हा धंदा बेकायदा ठरविला आहे. जुनी असली तरी अशी मूठ बाजारांत विकत घेण्याच्या भरीस पडूं नये.

कृत्रिम पदार्थ ओळखण्याला नाक उपयोगी पडतें. मूठ गरम पाण्याच्या नळाखालीं क्षणभर धरून वास घ्यावा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. जळक्या दुधाचा आला तर दुधांतील केसिनापासून केलेलें गॅलॅलिथ. कार्बोलिकचा आला तर बेकलाइट किंवा त्याच्याच कुळांतलें कॅटॅलिन. सेल्युलॉइड चटकन् पेट घेतें, म्हणून तें विस्तवाजवळ नेऊं नये. गॅलॅलिथ पाण्यांत मुरलें कीं फुगतें व तडकतें. कॅटॅलिन हें रंगीबेरंगी व ओतीव द्रव्य १९२७ च्या आगेंमागें अमेरिकेंत निघालें. तें कालांतरानें पिवळें पडतें, इतकें कीं मूळची पांढरी मूठ आज लोण्याच्या किंवा गुळाच्या रंगाची दिसते. कॅटॅलिनची मूठ १९२७ च्या बरीच आधींची असूं शकत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. वय ठरवितांना या ज्ञानाचा फार उपयोग होतो.

आणि वय ठरविणें हें येथें नुसतें हौसेचें काम नाहीं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांतील संशोधकांनीं, जुन्या ब्रशांचा हा नवा छंद पाहूनच, २०१७ सालीं या सर्व जुन्या प्रकरणाचा पुन्हा आढावा घेतला. त्यांचें म्हणणें असें कीं आज अशा ब्रशापासून काळपुळी होण्याचा संभव अतिशय थोडा आहे, पण तो शून्य आहे असें म्हणतां येत नाहीं. १९३० पूर्वींच्या ब्रशाविषयीं विशेष सावध असावें. आणि घरच्या घरीं केलेल्या निर्जंतुकीकरणावर भिस्त ठेवूं नये, कारण तें अपुरें पडण्याचा आणि करणाऱ्यालाच अपाय होण्याचा संभव आहे. कोणी म्हणेल, उकळत्या पाण्यांत बुडविला कीं झालें. परंतु जें बीज ग्रूनार्डच्या मातींत चार तपें टिकलें त्याला चहाच्या आधणाचें भय दाखवूं नये. मूठहि उकळण्यानें तडकते ती निराळीच. मुठीवर 'निर्जंतुक' असा शब्द कोरला आहे, एवढ्यानेंहि निश्चिंत होतां येत नाहीं. तो शब्द त्या काळची भीति सांगतो, शुद्धीची हमी देत नाहीं. म्हणून ज्याचें वय १९३० पूर्वींचें आहे किंवा ज्याचें वय ठरतच नाहीं, असा ब्रश झांकणाच्या पेटींत घालून ठेवावा. तो वापरूं नये, त्याचे केस पिंजारूं नयेत, आणि ते काढण्याच्या खटपटींतहि पडूं नये. जीर्णोद्धार करण्याच्या उत्साहापेक्षां न करण्याचा विवेक मोठा असतो.

त्यानंतरच्या काळचा म्हणून खात्रीनें ओळखलेला ब्रश मात्र दुरुस्त करण्याला हरकत नाहीं. त्याची रीत अशी. प्रथम नाकातोंडावर चांगली पट्टी बांधावी, हातमोजे घालावे आणि ब्रश ओला करून घ्यावा, म्हणजे धूळ उडत नाहीं. केस मुठीलगत कापून टाकावे. आंत उरलेला बुंधा गिरमिटानें, मधोमध लहान छिद्र पाडून व तें हळूहळू रुंद करीत, कोरून काढावा. येथें घाई केली तर मुठीच्या कडेचा टवका उडतो आणि तो पुन्हा बसत नाहीं. खोबण स्वच्छ झाली कीं तिची रुंदी व खोली मोजावी. मुठीवरील ओरखडे प्रथम जाड आणि मग उत्तरोत्तर बारीक कांचकागदानें, पाण्यांत भिजवून, काढावे आणि शेवटीं धातूचें पॉलिश मऊ फडक्यानें चोळावें. मात्र कोरलेल्या अक्षरांवरून कागद फिरवूं नये. तीं एकदां पुसलीं म्हणजे त्या वस्तूचें नांवगांवच गेलें. अक्षरांतला रंग उडाला असेल तर दांतकोरण्याच्या टोंकानें नवा रंग त्या खांचांत भरावा आणि बाहेर सांडलेला लगेच पुसून घ्यावा.

नवा झुपका बाजारांत तयार मिळतो. आज बॅजरचे बहुतेक केस चीनमधून येतात. ज्यांना प्राण्याचे केस नको असतील त्यांच्यासाठीं कृत्रिम तंतूंचे झुपकेहि आतां पुष्कळ चांगले निघाले आहेत, आणि काळपुळीची शंका तर त्यांत मुळींच नाहीं. झुपका चिकटविण्यापूर्वीं तो खोबणींत कोरडाच बसवून त्याची उंची पाहावी. मुठीच्या वर केस सुमारें ५० मिलिमीटर असले तर बहुतेकांच्या हाताला ते मानवतात. फार उंच झुपका लुळा पडतो, फार ठेंगणा गालाला टोंचतो. खोबण खोल असेल तर तळाशीं लाकडाची चकती घालून ती उथळ करावी. मग इपॉक्सी लावून झुपका सरळ उभा राहील असा बसवावा आणि एक दिवस त्याला हात लावूं नये. पहिले कांहीं दिवस त्याला जनावराचा वास येईल, तो सौम्य साबणानें दोनचार वेळां धुतल्यावर जातो.

आतां एक शंका उरते. केस नवे, डिंक नवा, तकाकी नवी. मग जुनें काय राहिलें? आजोबांच्या ब्रशाचे केस बदलले तर तो आजोबांचा ब्रश राहिला काय? मला वाटतें, राहिला. देवळाचा कळस बदलतो, दगड बदलतात, कधीं मूर्तिहि नवी बसते, तरी जागा आणि नांव तेंच राहतें. ब्रशाचे केस हे झिजण्यासाठींच असतात, मूठ ही हातांतून हातांत जाण्यासाठीं असते. कारागिराचें कौशल्य, त्या काळचें रसायन, पेढीचें नांव आणि धन्याच्या अंगठ्यानें पाडलेली झीज, हें सर्व मुठींतच असतें. तेव्हां मूठ राखली म्हणजे बरेंचसें राखलें.

परंतु एक अट आहे, आणि ती महत्त्वाची आहे. जें नवें आहे तें नवें म्हणून सांगितलें पाहिजे. जुन्या मुठींत नवा झुपका बसवून तो 'मूळचाच' म्हणून विकणें, हा रंगविलेले घोड्याचे केस बॅजर म्हणून खपविण्याचाच प्रकार. त्या पहिल्या लबाडीचें मोल तिच्या कर्त्यांनीं दिलें नाहीं. ज्यांनीं चार पैसे वांचविण्यासाठीं विश्वासानें ब्रश विकत घेतला त्यांनीं दिलें. म्हणून दुरुस्त केलेल्या प्रत्येक ब्रशाबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. मूठ कोणत्या पदार्थाची, ती अंदाजें कोणत्या काळांतली, झुपका केव्हां व कसला बसविला, एवढ्या चार ओळी तिच्यावर लिहाव्या. पुढें ज्याच्या हातीं तो ब्रश जाईल त्याला अंधारांत चांचपावें लागणार नाहीं. आणि मुठीवर 'निर्जंतुक' हा शब्द कोरलेला असेल तर त्याच्या खांचांत नवा रंग भरतांना तो तेथें कां आला हेंहि घरांतल्या मुलांना सांगावें. तो जाहिरातीसाठीं कोरलेला होता हें खरें. पण तो कोरावा लागला तो ज्यांच्या मरणामुळें, त्यांचें स्मारक म्हणून दुसरें फारसें कांहीं उरलेलें नाहीं.